आपली चावडी: फलक छान, पण निरोप पोचतो का?

सातबाऱ्यावर नवी नोंद कायम होण्याआधी हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. ती मुदत सुरू झाल्याचं जमीनमालकाला कळवायला महाराष्ट्राच्या महसूल विभागाकडे आज तीन मार्ग आहेत. एक, नमुना ९ ची कागदी नोटीस. दोन, मोबाइलवर येणारा एसएमएस. तीन, महाभूमी संकेतस्थळावरचा 'आपली चावडी' हा डिजिटल सूचना फलक. यातला तिसरा सगळ्यात भरवशाचा आहे, असं आमचं मत. मात्र तो आपण होऊन कोणाला हाक मारत नाही, त्याच्याकडे आपणच जावं लागतं. ज्यांना हे माहीत नाही, त्यांच्यासाठी तो असून नसल्यासारखा.

आधी कायदा थोडक्यात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १५० सांगतं की जमिनीच्या हक्कांतल्या बदलांच्या, म्हणजे फेरफारांच्या, नोंदवहीत (गाव नमुना ६) नोंद घेतली की तिची संपूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावायची आणि हितसंबंधितांना लेखी कळवायचं. ऑनलाइन फलक हा त्या भिंतीवरच्या कागदाचा अवतार. अभिलेख संगणकीकृत असतील तर एसएमएस किंवा ई-मेलनं कळवण्याची तरतूदही याच कलमात नंतर घातली गेली. तिला एक अपवाद आहे, आणि तो नीट वाचण्यासारखा आहे: ज्यानं दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकासमोर स्वतः हजर राहून दस्त केला, त्याला अशी वेगळी खबर देण्याची गरज नाही. तो तिथंच होता, त्याला माहीतच आहे, हे तर्काला धरून आहे. पण आपण दस्त केलाच नाही असं म्हणणाऱ्याची पंचाईत इथंच होते. कोणी तोतया उभा करून दस्त केला, तर कागदोपत्री खरा मालकच 'हजर' होता. प्रणालीच्या हिशेबी त्याला कळवायचं काही उरत नाही. त्याच्यासाठी चावडीचा फलकच काय तो आधार.

पान कसं वापरायचं

लॉगिन नाही, शुल्क नाही. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, कॅप्चा भरायचा की त्या गावात सध्या नोटीस काळात असलेल्या फेरफारांचा तक्ता उघडतो. प्रत्येक ओळीत फेरफार क्रमांक, फेरफाराचा प्रकार, दिनांक, हरकत नोंदवण्याची शेवटची तारीख आणि सर्व्हे किंवा गट क्रमांक असतो. शेवटच्या रकान्यातल्या 'पहा'वर टिचकी मारली की नोटिशीचा मजकूर दिसतो: कोणाचं नाव कमी होतंय, कोणाचं लागतंय, कशाच्या आधारे.

गाव निवडताना थोडं सावध राहा. एकाच तालुक्यात 'बुद्रुक' आणि 'खुर्द' अशी जोडगावं असतात, आणि घाईत चुकीचं गाव निवडून 'आपल्या गटावर काही नाही' म्हणून निर्धास्त होणारे कमी नाहीत. तालुक्यांची फेररचना झालेल्या भागात आपलं गाव जुन्या सवयीनं भलत्याच तालुक्यात शोधलं जातं. सातबाऱ्याच्या माथ्यावर गाव, तालुका आणि जिल्हा छापलेला असतो. तो समोर ठेवूनच निवड करा.

नावानं शोधायची सोय नाही. मोठ्या गावात तक्ता लांबलचक असतो, म्हणून ब्राउझरमधली 'पानात शोधा' ही सोय वापरावी. तिथंही पूर्ण गट क्रमांक टाकू नका. समजा तुमचा गट ११२/२/अ आहे. तर फक्त ११२ टाका आणि समोर येतील त्या सगळ्या ओळी डोळ्यांखालून घाला, कारण पोटहिस्सा लिहिण्याची पद्धत सगळीकडे एकसारखी नसते: कुठे अ, कुठे रोमन ए, कुठे तिरकी रेघ, कुठे आडवी. आकडेही कधी मराठी, कधी इंग्रजी. एका पद्धतीनं शोधून काही सापडलं नाही तर दुसऱ्या पद्धतीनं शोधल्याशिवाय पान बंद करू नये. एकाच फेरफारात अनेक गट असतील तर तुमचा गट रांगेत मागे कुठेतरी दडलेला असतो, तेही बघा.

प्रकाराच्या रकान्यावरून बराच अंदाज येतो. खरेदी, बक्षीसपत्र, हक्कसोड, गहाणखत हे नोंदणीकृत दस्तांवरून आलेले असतात. दस्त नोंदला गेला की त्याची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आय-सरिता प्रणालीतून महसूल खात्याच्या ई-फेरफार प्रणालीत जाते. वारस, ई-करार (सोसायटीच्या पीककर्जाची नोंद), बोजा (जमिनीवरचं कर्ज किंवा येणं) चढवणे, बोजा कमी करणे, मयताचं नाव कमी करणे हे अनोंदणीकृत. हे अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतात. वारस नोंदीकडे जास्त बारकाईनं पाहावं. खरेदीखताला निदान दस्ताचा पुरावा मागे असतो. वारस नोंदीत बहीण गाळली गेली किंवा दुसऱ्या घरातली मुलं सुटली, तर फलकावर नावं वाचणाऱ्या माणसाशिवाय ती चूक पकडणारं कोणी नसतं.

एसएमएसचं गणित

एसएमएस आला नाही म्हणजे काही घडलं नाही, असं धरून चालणं ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत महाग चूक. सातबाऱ्यावर मोबाइल नंबर नसतो. नंबर प्रणालीत शिरतो तो दस्ताची माहिती भरताना किंवा ऑनलाइन अर्ज करताना. म्हणजे जो अलीकडे व्यवहार करतो, त्याचाच नंबर ताजा. ज्याच्या नावावर आजोबांपासून जमीन चालत आलीय आणि ज्यानं कधी दस्तच केला नाही, त्याचा नंबर खात्याकडे असायचं कारण नाही. संदेश ज्यांना मिळतो त्यांतल्या बहुतेकांना बातमी आधीच माहीत असते, आणि ज्यांना खरी गरज असते त्यांच्यापर्यंत तो जात नाही. शिवाय दस्त करताना नंबर भरण्याचं काम बऱ्याचदा लेखनिक किंवा दलाल करतो. पक्षकाराचा म्हणून दलालाचाच नंबर भरला गेला, तर पुढचे सगळे संदेश त्याच्या खिशात वाजतात. दस्त नोंदवायच्या आधी भरलेल्या माहितीची छापील प्रत वाचायला मिळते. तीत नंबर तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

मयत खातेदारांचं तर बोलायलाच नको. नोटीस निघते ती अभिलेखात असलेल्या नावानं. नाव मयताचं असेल तर कागद, संदेश, सगळंच वाऱ्यावर. २०२५ मध्ये महसूल विभागानं 'जिवंत सातबारा' मोहीम राबवली ती मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठीच. ज्यांनी ती संधी सोडली त्यांनी निदान ई-हक्कमधून अर्ज करून टाकावा. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत वर्दी द्यावी, असं कलम १४९ सांगतंच.

१५ दिवस नेमके कुठून मोजायचे

इथं घोळ होतो. फेरफार ज्या दिवशी क्रमांकित झाला त्या दिवसापासून १५ दिवस, असं लोक धरतात. खरं तर मुदत नोटीस बजावल्यापासून मोजायची असते. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे ज्यांना सगळे अजून तलाठी म्हणतात ते, नोटीस काढतात, बजावतात आणि बजावल्याची तारीख प्रणालीत भरतात. अनेक हितसंबंधित असतील तर शेवटच्याला ज्या दिवशी नोटीस मिळाली तो दिवस महत्त्वाचा. मुदत संपल्यावर नोंद त्यांचे वरिष्ठ असलेल्या मंडळ अधिकाऱ्याकडे प्रमाणित करायला उपलब्ध होते. मुदत भरण्याआधी प्रमाणन करू न देण्याचं काम संगणक चोख करतो. ही स्वयंचलित व्यवस्थेची जमेची बाजू. हस्तलिखिताच्या काळात मागची तारीख टाकून एका दिवसात नोंद मंजूर झाल्याच्या तक्रारी असायच्या, त्यांना आता बराच आळा बसलाय.

पण बजावल्याची तारीख माणूसच भरतो. नोटीस खरोखर हातात पडली की नाही, हे संगणकाला कळायचा मार्ग नाही. चारपैकी तीन सहहिस्सेदारांच्या सह्या झाल्या, चौथा परगावी आहे, आणि तारीख मात्र चौघांची भरली गेली, तर फलकावर शेवटची तारीख निर्धोकपणे झळकत राहते. म्हणून नोटीस मिळाली नसेल, तर हरकतीत ते पहिल्याच वाक्यात लिहावं. नोटीस न बजावता प्रमाणित केलेली नोंद अपिलात टिकवणं समोरच्याला जड जातं.

किती दिवसांनी पान पाहावं, हा प्रश्न नेहमी येतो. खिडकी १५ दिवसांची असेल तर पंधरवड्यातून एकदा पाहणं पुरेसं नाही. एक फेरी चुकली की मुदत गेली. आठवड्यातून एकदा पाहिलं तर प्रत्येक नोंद साधारण दोनदा नजरेखालून जाते. वादातली जमीन असेल, भाऊबंदकी पेटलेली असेल किंवा परिसरात रस्ता-प्रकल्पाची मोजणी सुरू असेल, तर तीन-चार दिवसांनी पाहावं.

पाहणी, दंड आणि बोजा

जमिनीवर तपासणी होऊन नियमभंग सापडतो, तेव्हा ही व्यवस्था किती उपयोगी पडते? फारच थोडी. हे आधीच माहीत असलेलं बरं.

उदाहरण गौण खनिजाचं घ्या. शेतातून मुरूम किंवा माती विनापरवाना उचलली गेली, पथक आलं, खड्ड्याची मापं घेतली, पंचनामा झाला. कलम ४८(७) प्रमाणे खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाच पटीपर्यंत दंड बसू शकतो. माती नेणारा ठेकेदार कोण हे शोधायला वेळ लागतो. सातबाऱ्यावरचं नाव मात्र लगेच सापडतं, त्यामुळे खुलाशाची नोटीस बहुधा मालकाच्या नावानं निघते. परवानगीशिवाय अकृषिक वापर केल्याबद्दल कलम ४५ ची कारवाई होते, तिचाही प्रवास साधारण असाच. या नोटिसा फेरफाराच्या नोटिसा नसतात. त्या तहसील कार्यालयातून कागदावर निघतात आणि कलम २३० मध्ये सांगितलेल्या पद्धतीनं बजावल्या जातात: हातात द्यायची, टपालानं पाठवायची, आणि तसं जमलं नाही तर शेवटच्या ज्ञात राहत्या ठिकाणी किंवा गावातल्या सार्वजनिक जागी चिकटवायची. आपली चावडीवर यातलं काहीही दिसत नाही.

चावडीवर दिसतो तो शेवट. आदेश झाला, दंड भरला गेला नाही, रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची ठरली, की तहसीलदारांच्या आदेशानं सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढवण्यासाठी फेरफार धरला जातो. तो फलकावर येतो. परगावी असलेल्या मालकाला अनेकदा पहिली खबर लागते ती ही. म्हणजे पंचनामा, नोटीस, खुलासा, आदेश एवढं सगळं कागदावर होऊन गेल्यानंतर फक्त शेवटच्या पायरीला संगणक जागा होतो.

अशा वेळी लोक धावत जाऊन फेरफारावर हरकत घेतात. ती घ्यावी, पण तेवढ्यावर थांबू नये. बोज्याची नोंद ही आदेशाची नुसती अंमलबजावणी आहे. मंडळ अधिकारी तहसीलदारांच्या आदेशाची चूक काढू शकत नाही. 'पहा'वर टिचकी मारून नोटिशीतला आदेश क्रमांक आणि दिनांक लिहून घ्या, तहसील कार्यालयात त्या आदेशाच्या आणि पंचनाम्याच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा, आणि मूळ आदेशाविरुद्ध कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करा. मुदत ६० दिवसांची आहे. आदेश उशिरा कळला असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोडा, आणि वसुली थांबवायची असेल तर कलम २५६ खाली स्थगितीचा. चावडीवरची ओळ कोणत्या दिवशी पाहिली हे दाखवणारा तारखेसह स्क्रीनशॉट विलंबमाफीच्या अर्जाला जोडायला उपयोगी पडतो, म्हणून पान पाहताच तो काढून ठेवावा.

पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली वाचा. ब्रासचा हिशेब तिथूनच येतो. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. जुना खड्डा, विहिरीची माती किंवा शेततळ्याचं खोदकाम त्यात मोजलं गेलं असेल, तर आकडा फुगतो. अपिलात खरी लढत याच मापांवर होते.

हरकत कशी द्यायची

हरकत तोंडीही चालते, हे फार थोड्यांना माहीत असतं. तोंडी असो वा लेखी, ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, गाव नमुना ६-अ मध्ये, नोंदवणं आणि लगेच लेखी पोच देणं हे ग्राम महसूल अधिकाऱ्याचं काम आहे. तरी व्यवहारात लेखीच द्यावी. दोन प्रती, एकीवर सही-शिक्का-तारीख. गाव, तालुका, फेरफार क्रमांक, गट क्रमांक, आपला संबंध काय आणि हरकतीचं कारण, एवढं एका पानात बसतं. जुने फेरफार, वंशावळ, मृत्यू दाखला, दिवाणी दावा चालू असेल तर त्याची प्रत सोबत जोडा. सज्जावर, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयात, कोणी भेटत नसेल तर तहसील कार्यालयाच्या आवक शाखेत द्या आणि दुसरी प्रत स्पीड पोस्टनं पाठवा. फोनवर सांगितलं, व्हॉट्सॲपवर कळवलं, याला अर्थ नाही.

कारण ठोस हवं. सहहिस्सेदारानं आपल्या हिश्शापेक्षा जास्त क्षेत्र विकलं, वारस वगळला, भोगवटादार वर्ग-२ ची (म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी) जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित केली, तुकडेबंदीचा (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा न करण्याच्या नियमाचा) भंग झाला, नोटीस मिळाली नाही: हे चालतं. 'आम्हाला विचारलं नाही' हे चालत नाही. आणि नोंदणीकृत खरेदीखत खोटं आहे असं म्हणणं असेल, तर महसूल अधिकारी ते रद्द करू शकत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालय. फेरफारानं मालकी मिळत नाही किंवा जात नाही, मात्र कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते, म्हणून ती सहज होऊ देऊ नये.

हरकत नोंदली गेली की फेरफार विवादग्रस्त होतो आणि सुनावणी लागते. शक्यतो एका वर्षात निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. 'शक्यतो' हा शब्द कार्यालयं फार मनावर घेतात. महसुली सुनावण्यांच्या तारखा ई-क्यूजे कोर्ट या संकेतस्थळावर टाकल्या जातात, पण सगळी कार्यालयं त्यात सारखीच तत्पर नाहीत. तारीख कार्यालयातच विचारून घ्यावी.

ओळ गायब झाली तर

नोंद प्रमाणित झाली की ती चावडीवरून जाते. मग महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर विनास्वाक्षरीत सातबारा मोफत उघडा. त्यावर दोन ओळी पाहायच्या: 'शेवटचा फेरफार क्रमांक व दिनांक' आणि 'प्रलंबित फेरफार'. प्रलंबितपुढे 'नाही' असेल आणि शेवटचा क्रमांक मागच्या वेळी पाहिला तोच असेल, तर काही हललेलं नाही. क्रमांक बदलला असेल तर १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढा आणि तो फेरफारही काढून वाचा. खरं सांगायचं तर ज्याला चावडीचा लांबलचक तक्ता चाळायचा कंटाळा आहे, त्यानं नुसत्या या दोन ओळी आठवड्याला पाहिल्या तरी निम्मं काम होतं.

शहरातल्या मिळकतींचं वेगळं आहे. नगर भूमापन झालेल्या हद्दीत सातबारा नाही, मालमत्ता पत्रक चालतं, आणि फेरफार नगर भूमापन कार्यालयात होतो. तिथं पत्ता गट क्रमांकाचा नसून नगर भूमापन क्रमांकाचा. गाव शहरात गेलं तरी काही ठिकाणी सातबारा आणि मालमत्ता पत्रक दोन्ही जिवंत असतात. अशा मालकांनी दोन्हीकडे पाहावं.

आमचं मत

पारदर्शकतेला पूर्ण गुण. गावातल्या कोणालाही कोणाचीही प्रलंबित नोंद फुकट पाहता येते, आणि तलाठ्याच्या मर्जीवर अवलंबून राहावं लागत नाही, ही मोठी गोष्ट आहे. वापरायला सोपं म्हणावं तर मोबाइलवर तक्ता आडवा सरकवत बसावं लागतं, आणि नावानं शोध नसणं खटकतं. कळवण्याच्या कामात मात्र काठावर पास.

खात्यानं दोन गोष्टी केल्या तर चित्र बदलेल. खातेदाराला आपला नंबर खात्याशी स्वतः जोडता आणि बदलता यावा, दस्त केला असो वा नसो. आणि कलम ४५ व ४८ च्या खुलाशाच्या नोटिसाही, नाव झाकून का होईना, गट क्रमांकासह त्याच फलकावर याव्यात. तोवर ज्यांची जमीन गावी आणि बिऱ्हाड परगावी आहे, त्यांनी फलकाच्या जोडीला शेजारच्या शेतकऱ्याचा फोन नंबरही जवळ ठेवावा. शेतात पोकलेन उतरल्याची खबर त्याच्याकडून त्याच दिवशी मिळते. फलकावर ती बोजा होऊन यायला काही महिने जातात.